फलाट क्रमांक चारची मोसंबी

आत्या झाडांना पाणी घालायला निघाली की आधी घंटा होते. म्हणजे ती खुरप्याने पाण्याच्या झारीवर दोन टोले देते, एक बारीक, एक जड. मग घसा साफ करून सांगते, "कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक एक आणि दोनवरील कागदी लिंबांनी पाण्यासाठी तयार राहावे. फलाट क्रमांक तीनवरील संत्र्याला आज पाणी मिळणार नाही. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

संत्र्याला पाणी नाही, कारण त्याला ताण द्यायचा असतो. फुलं धरण्याआधी महिनाभर पाणी तोडायचं, पानं जरा मलूल झाली की पुन्हा सोडायचं. मग झाड दचकून फुलतं. आत्या ताण देते, पण तिचा जीव वर-खाली होत असतो. दिवसातून चारदा जाऊन संत्र्याची दिलगिरी व्यक्त करून येते.

बत्तीस वर्षं ती बस स्थानकावर उद्घोषणा करायची. एक खिडकी, एक माईक, कुरकुरणारा पंखा आणि गाड्यांचा तक्ता. निवृत्त झाली तेव्हा माईक तिथेच राहिला आणि आवाज आमच्या घरी आला. घरात ती चारचौघींसारखीच बोलते, "अगं, चहात साखर घातलीस की नुसतीच दाखवलीस?" पण मागच्या अंगणात पाऊल टाकलं की पाठ ताठ होते आणि आवाज नाकाच्या वरच्या मजल्यावर जातो. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर त्याच आवाजात उत्तर येतं, "आसन आरक्षित होते. प्रवासी आले नाहीत."

लिंबाच्या पानावर एक अळी येते, ती हुबेहूब पाखराने घाण केल्यासारखी दिसते. कुणीही फसेल. आत्या फसत नाही. चष्मा कपाळावर सरकवून ती पान उलटंसुलटं करते आणि अळीला म्हणते, "तिकीट? नाही ना? उतरा मग." पानासकट अळी तोडून भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेतल्या झुडपांवर सोडते. मारत नाही. "पुढच्या गाडीने जाईल कुठेतरी," म्हणते.

एक नियम मात्र तिने नोकरीत आणि अंगणात सारखाच पाळला. गाडी कितीही रखडली तरी ती "रद्द" हा शब्द उच्चारत नसे. वरून लेखी चिठ्ठी येईपर्यंत गाडी "उशिराने धावत आहे" एवढंच. "अहो बाई, ती गाडी दुपारीच बंद पडलीय," असं चालक स्वतः खिडकीत येऊन सांगायचा, तरी ही माईकवर, "उशिराने धावत आहे." माणसं बाकावर बसून राहायची. पण रागावून नाही, आशेने बसायची, असं तिचं म्हणणं.

आता फलाट क्रमांक चार. भिंतीलगतचा, सगळ्यात जास्त ऊन येणारा कोपरा. तिथे मोसंबी.

स्थानकावर आत्याच्या खिडकीसमोर एका रसवाल्यांची गाडी होती. दुपारची पाळी संपली की ते खिडकीतून पेला आत सरकवायचे, "घ्या बाई, घसा म्हणजे तुमचं इंजिन." बत्तीस वर्षं तिचं इंजिन मोसंबीच्या रसावर चाललं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी शाल, भिंतीवरचं घड्याळ वगैरे दिलं. रसवाल्यांनी गोणपाटात गुंडाळलेलं एक वीतभर कलम दिलं. त्यांच्या भावाची मोसंबीची बाग आहे, तिथलं. म्हणाले, "हिला फळ धरलं की पहिला पेला मला. आता तुम्ही सरकवायचा, मी प्यायचा."

आत्याने ते कलम अगदी तान्ह्या बाळासारखं वाढवलं. पण ते किरकिरं निघालं. वरची काडी पिवळी पडायची, पानं गळायची. पुढच्या वर्षी मात्र बुडापासून एक धुमारा फुटला, जाड, हिरवागार, बघता बघता गुडघ्याएवढा. आत्या हरखली. "बघा, हा खरा होतकरू," म्हणाली आणि त्याला बांबूचा आधार दिला. वरच्या किरकिऱ्या काडीकडे बघून तिला वाईट वाटलं, पण उगीच ताकद खाते म्हणून तिने एक दिवस ती कात्रीने कापून टाकली. होतकरूने मग मागे वळून पाहिलं नाही. पाच वर्षांत भिंतीच्या वर गेला. काटे बोटाएवढे.

"वन्सं," आई म्हणायची, "मोसंबीला एवढे काटे असतात का हो?"

"लहान वयात सगळेच टोचतात. तुझा नवरा आठव."

"ते अजून टोचतात."

"मग हीपण टोचू दे की."

बाबा आत्याचे धाकटे भाऊ. ते पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतात. ओठांत कायम दोन-तीन स्क्रू धरलेले, त्यामुळे त्यांचं बोलणं बरंचसं नाकातून येतं. "हं" म्हणजे हो, "हंहं" म्हणजे नाही आणि "हंऽ" म्हणजे जेवायला वेळ आहे. ज्या दिवशी ते स्क्रू काढून तळहातावर घेतात, त्या दिवशी घरातले सगळे हातातलं काम थांबवतात.

मागच्या वर्षी त्यांनी स्क्रू काढले. व्हरांडा पंख्यांनी इतका भरला होता की पाहुण्यांना आडवं होऊन आत यावं लागे. पोस्टमन तर पत्र एका पंख्याच्या पात्यावर ठेवून जायचा.

"ताई," बाबा म्हणाले, "मला एक पत्र्याची खोली हवी. चार बाय आठची. कोपऱ्यात."

"कुठल्या कोपऱ्यात?"

बाबांनी स्क्रू ड्रायव्हरने फलाट चारकडे दाखवलं.

"तिथे मोसंबी आहे."

"सहा वर्षं झाली ताई. एक फूल नाही."

"उशिराने धावतेय."

"सहा वर्षं?"

"घाट लागला असेल."

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मला खाली वाकून मोटर उघडावी लागते. पाठ धरते. मी काही हौसेने मागत नाही." आणि ते खरं होतं. संध्याकाळी ते उठायचे तेव्हा आधी टेबलाला धरायचे, मग भिंतीला, मग आईला.

आत्या ते रोज बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झारीवर टोले दिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "फलाट क्रमांक चारवरील मोसंबी या हंगामात न आल्यास सदर फलाट दुरुस्ती विभागाकडे सोपवण्यात येईल." मग साध्या आवाजात बाबांना म्हणाली, "माझा शब्द."

त्या हंगामात तिने काय नाही केलं. बुंध्यापासून हातभर लांब गोल आळं केलं. शेणखत, निंबोळी पेंड, चहाचा धुतलेला चोथा. ताण द्यायचा ठरवला आणि आठव्या दिवशी तिला राहवलं नाही, चोरून तांब्याभर पाणी ओतताना आईने पकडली.

"वन्सं, ताण आहे ना?"

"आहे ना. मला आहे."

आणि फुलं आली. पांढरी, कडेने जांभळट, त्या वासाने स्वयंपाकघराची खिडकी दोन दिवस कुणी लावली नाही. बरीचशी गळाली, तीन फळं धरली. आत्या त्यांना नावं देण्याऐवजी वेळा देऊन बसली, सहा-दहाची, सहा-चाळीसची आणि सात-पाचची. फळं फुगली, पिवळी व्हायला लागली, अंगावर मात्र फोड आल्यासारखी खडबडीत. आत्याचं स्पष्टीकरण तयार होतं, "पहिलटकरीण आहे. जरा सुजणारच."

बाबांनी पत्र्याचं माप लिहिलेला कागद खिशातून काढला आणि चूल पेटवायच्या कागदांत ठेवून दिला. "हं" सुद्धा नाही.

ठरल्याप्रमाणे रसवाल्यांना बोलावणं गेलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि येताना स्वतःची सुरी आणली, कापडात गुंडाळून. आता गाडी त्यांचा मुलगा चालवतो. चाळीस वर्षं रसयंत्राचा दांडा फिरवून त्यांचे हात थरथरतात, नुसतं बसलेले असले तरी.

आत्याने तिन्ही फळं स्वतः कापली, स्वतः पिळली. पेला भरला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर सरकवला, अगदी तसाच. "घ्या. घसा म्हणजे तुमचं इंजिन."

रसवाल्यांनी वास घेतला. त्यांचा चेहरा किंचित हलला. मग त्यांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात, डोळे मिटून, तळापर्यंत प्यायले.

"कसा आहे?"

"तरतरीत आहे," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी आलं होतं. "फारच तरतरीत."

आत्याने भांड्यातला उरलेला रस बोटाने चाखला. तिचा एक डोळा आपोआप बंद झाला. तिने पुन्हा चाखला, जणू पहिल्यांदा जीभच चुकली असेल. मग ती रसवाल्यांकडे बघत राहिली.

"बाई, झाडाकडे चला," ते हळूच म्हणाले.

झाडाच्या बुडाशी ते मोठ्या कष्टाने बसले. माती बाजूला केली. तिथे एक जुना, सुकलेला, बोटाच्या पेराएवढा थुटका होता. "हे बघा. कलम इथे बांधलेलं होतं. मोसंबी म्हणजे ही वरची काडी. खाली असतो तो खुंट, जंभेरीचा. राकट आंबट लिंबू. त्याची मुळं दणकट म्हणून त्याच्यावर मोसंबी बसवतात. खुंटाला फुटवा आला की लगेच मोडायचा असतो. नाहीतर तो सगळं ओढून घेतो." ते थांबले. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं, ठाऊक असेल."

"म्हणजे मोसंबी..."

"ती काडी कुठेय?"

"मी कापली," आत्या म्हणाली. "पाच वर्षं झाली. माझ्या हातानं."

आई पदराशी चाळा करत उभी होती. आत्याने त्या थुटक्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग ती उठली, गुडघ्यांची माती झटकली आणि पाठ ताठ केली. झारीवर टोले दिले नाहीत. आवाजही वरच्या मजल्यावर गेला नाही, मधल्या जिन्यातच अडकला. "फलाट क्रमांक चारवरील मोसंबी," ती म्हणाली आणि थांबली. "रद्द करण्यात आली आहे." मग बाबांकडे बघून, "कोपरा तुझा. शब्द म्हणजे शब्द."

बत्तीस आणि सहा, अडतीस वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून आपणहून पहिल्यांदाच आला होता.

बाबा व्हरांड्यातून आले होते. त्यांनी ओठांतले स्क्रू काढले आणि तळहातावर घेतले. ते झाडाभोवती एक फेरी मारून आले, बुंधा हाताने हलवून पाहिला, मोटर तपासतात तसं बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिला. मग रसवाल्यांना विचारलं, "म्हणजे मोटर चांगली आहे?"

"काय?"

"खालचं. मुळं, खोड. चांगलं आहे?"

"चांगलं? लोखंड आहे."

"मग नुसती पाती चुकीची बसलीयेत. चालू मोटर कुणी भंगारात घालतं का? पाती बदलता येतात की नाही?"

रसवाले त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या दातांची सगळी रांग दिसली. "येतात की. डोळा भरायचा. मोसंबीच्या फांदीवरचा एक कोंब सालीसकट काढायचा आणि इथे सालीत बसवायचा. मी शंभरदा भरलाय. पण हे बघा." त्यांनी हात पुढे केले. हात कापत होते.

"हात माझे घ्या," बाबा म्हणाले. "तुम्ही सांगा, मी करतो."

"आणि तुझी खोली?" आत्या म्हणाली.

"टेबल उंच करून घेईन. पायांखाली विटा. वाकायला नको म्हणजे झालं." जरा थांबून, "हे मला आधी सुचायला हवं होतं. व्हरांडा काय, पोस्टमनला सवय झालीय."

दोन दिवसांनी रसवाले भावाच्या बागेतून ओल्या फडक्यात मोसंबीची डहाळी घेऊन आले. बाबांनी पेन्सिलीएवढ्या तीन फांद्या निवडल्या. केसाएवढी तांब्याची तार गुंडाळणारी बोटं ती. सालीला एक आडवा, एक उभा काप, साल अलगद उचलली, आत डोळा सरकवला. पानाचा नुसता देठ ठेवायचा, पान कापायचं. रसवाले खुर्चीत बसून सूचना देत होते, "घाई नाही, घाई नाही, आता घाई करा." बांधायला पट्टी म्हणून बाबांनी काळी इन्सुलेशन टेप वापरली. तिन्ही फांद्या वायरमनने जोडल्यासारख्या दिसायला लागल्या.

"आता तीन आठवडे," रसवाले जाताना म्हणाले. "मग देठाला बोट लावायचं. गळून पडला तर डोळा जगला. सुकून चिकटून बसला तर गेला. त्याआधी कुणी हात लावायचा नाही." हे शेवटचं वाक्य ते आत्याकडे बघून म्हणाले.

तीन आठवडे आत्याने फलाट चारबद्दल एकही उद्घोषणा केली नाही. फक्त रोज सकाळी वाकून बुडाशी आलेले फुटवे अंगठ्याने मोडायची. "तू नाही," म्हणायची. "तूपण नाही." दोन दिवसांत तिने एवढे होतकरू मोडले की आईला त्यांची दया आली.

बाविसाव्या दिवशी सगळे झाडापाशी जमले. आत्या म्हणाली, मी नाही लावणार बोट, माझ्या बोटांचा भरवसा नाही. मग बाबांनी खिशातून टेस्टर काढला, तोच, ज्याने ते सॉकेटमध्ये वीज आहे का बघतात. पहिल्या देठाला टोक लावलं. देठ काळपट, चिकटलेला, हलला नाही. दुसऱ्याला लावलं. तोही नाही. आत्याने पदर तोंडाशी धरला.

तिसऱ्याला बाबांनी टेस्टर नुसता टेकवला. देठ टपकन गळून पडला. खाली टेपच्या फटीत डोळा होता, तांदळाच्या दाण्याएवढा आणि हिरवा.

बाबांच्या ओठांत स्क्रू होते. ते त्यांनी काढले नाहीत. नाकातूनच म्हणाले, "सप्लाय आला."

आत्या आत गेली, झारी आणि खुरपं घेऊन आली, आणि दोन टोले दिले, एक बारीक, एक जड.