घसा बसला तेव्हाची प्रार्थना

लातूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मी प्रार्थनेला उभा राहिलो की बायका पदराआडून घड्याळ बघायच्या. हे मला माझ्या बायकोनं लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितलं. मी एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. दीडशे पोरांसमोर दिवसाला सहा तास बोलायची सवय, रविवारी तीच देवासमोर चालायची. मराठवाड्याच्या पावसापासून पाळकसाहेबांच्या मधुमेहापर्यंत सगळं मी त्याला नीट समजावून सांगायचो, उदाहरणांसकट.

त्या वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, मी चहा सोडायचं ठरवलं होतं. पहिल्याच आठवड्यात शिकवता शिकवता माझा आवाज गेला. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं.

"स्वरतंतूंवर गाठी आल्यात. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"आणि तरी बरं वाटलं नाही तर?" बायकोनं विचारलं.

"मग ऑपरेशन. पण आवाज पहिल्यासारखा येईलच, असं नाही सांगता येत."

क्लासवाल्यांनी "सर, आराम करा" म्हणत दुसरा शिक्षक उभा केला. माझा पगार थांबला. घर बायकोच्या शिलाई मशीनवर आलं. मी ब्लाऊजला हुक लावायला शिकलो. पहिल्या आठवड्यातले हुक तिनं उसवले आणि परत लावले.

मंडळीत मुरुडहून एसटीनं येणारी एक म्हातारी मावशी होती, दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. तिची प्रार्थना दोन वाक्यांची असायची, म्हणून मी ती कधी मनावर घेतली नव्हती. त्या रविवारी पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना करायला तिलाच उभं केलं.

"देवा, मास्तरचा घसा बरा कर," ती म्हणाली. "पन लई घाई करू नको. मानूस आत्ता कुठं ऐकून राहिलाय."

डोळे मिटलेल्या मंडळीत खसखस पिकली. सगळ्यात मोठ्यानं आमेन माझ्या बायकोनं म्हटलं.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी मुरुड गाठलं. मावशी ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी वहीत लिहिलं, "असं का म्हणालात?" आणि तिच्यापुढं धरलं.

"चष्मा आत हाय. वाचून दाखवा की," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिला हसू फुटलं. "राहू द्या. कळलं मला."

शेंगा फोडता फोडता तिनं सांगितलं. नवरा गेला तेव्हा तिची दोन लेकरं लहान होती. चार दिवसांत ती परत ड्युटीवर होती.

"रडायलाबी सवड नव्हती. पेशंटची नाडी धरली की अर्धा मिनिट मिळायचा. तेवढ्यात देवापाशी बसायचे. मागायला वेळ पुरायचा न्हाई, नुसतं बसायचे. त्याच्यावरच तीस वर्षं निघाली." तिनं मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "तुमी पहाटं अर्धा घंटा बसत जा. त्याला काही शिकवू नका. त्याला ठावं हाय सगळं."

मी बसायला लागलो. पहिल्या दिवशी मनात लोलकाचं गणित आलं आणि मी ते सोडवलंही. तिसऱ्या दिवशी डोळा लागला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, घोरायची परवानगी दिलीय का डॉक्टरांनी?"

चौथ्या आठवड्यात क्लासचा निरोप आला की नवीन सरांनाच कायम केलंय. दुसऱ्या दिवशी पहाटे बसलो तेव्हा सवयीनं ओठ हलायला लागले. देवाला ही सगळी अडचण पहिल्यापासून मांडून सांगावी, असं वाटत होतं. पण मला एकही वाक्य जमेना. मुलीची फी, आवाज, पुढचं वर्ष, सगळं एकदमच पुढं येत होतं. मी रडलो, तेही बिनआवाज. भीती काही गेली नाही. पण त्या भीतीजवळ मी एकटा नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता कळलं. इतकी वर्षं मी देवाबद्दल बोलत होतो. त्या दिवशी तो तिथं होता.

ईस्टरच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. गाठी ओसरल्या होत्या, ऑपरेशन टळलं. पहिला शब्द देवाच्या आभाराचा असावा, असं मी घोकून ठेवलं होतं. घरी आलो, गॅसकडं लक्ष गेलं आणि तोंडातून निघालं, "दूध." तोवर ते उतू गेलं होतं.

ईस्टरच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी तीन वाक्यं बोललो आणि आमेन म्हटलं. कुणी डोळेच उघडेना. माझं आता कुठं सुरू होतंय, असंच सगळ्यांना वाटत होतं.

आता मी दुसऱ्या एका लहान क्लासमध्ये दोन तास शिकवतो, माइक लावून. आवाज फाटकाच राहिला. पहाटेचं बसणं चालू आहे. बऱ्याच दिवशी काहीच घडत नाही, पायाला फक्त मुंग्या येतात. मी पाय बदलतो आणि बसून राहतो.