‘हजेरी’वर ड्रम मी वाजवले होते

मिलिंद आज सकाळी गेला. नांदगावला, भाड्याच्या खोलीत. जवळ कुणी नव्हतं.

‘राखरांगोळी’तला आता मी एकटाच उरलोय.

हे आमच्या बँडचं नाव. हसू नका.
चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या नाशकात, सातपूरला एका बंद तेलघाण्याच्या शेडमध्ये आम्ही तिघं काळे शर्ट घालून, डोळ्यांत काजळ भरून पंक वाजवायचो.
मिलिंद गाणी लिहायचा, गिटार वाजवायचा, गायचा. जोसेफ बेसवर. मी ड्रम्सवर.
जोसेफ मागेच मस्कतला वारला.

जोसेफचा भाऊ तेव्हा जहाजावर होता. त्याने लंडनहून पंकची एक कॅसेट आणली. मिलिंदने ती सलग दोनदा ऐकली.
"अव्या, यांना तीनच कॉर्ड येतात रे. आपल्यालाही तीनच येतात. आणि राग आपला जास्त आहे."

रागाला कारण होतं.

मिलिंदचा मोठा भाऊ कारखान्यात भट्टीवर कामाला होता. आम्ही सगळेच त्याला दादा म्हणायचो. भट्टीपाशी अपघात झाला आणि दादा गेला.
कंपनी म्हणाली, तो त्या दिवशी कामावर नव्हताच. हजेरीत नाव नाही. दारू पिऊन आत घुसला होता.
दादाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

त्यातून ‘हजेरी’ आलं. आमच्या पहिल्या आणि शेवटच्या कॅसेटमधलं पहिलं गाणं. त्यात मेलेला कामगार रोज भोंगा झाला की उठतो आणि गेटवर येऊन उभा राहतो.

भोंगा झाला, हाडं उठली,
लिहा साहेब, मी आलोय.
काल आलो, आज आलो,
मरूनसुद्धा मी आलोय.

रेकॉर्डिंग एका ऑर्केस्ट्रावाल्या काकांच्या खोलीत झालं. खिडक्यांना गाद्या लावून, भर दुपारी, पंखा बंद.
शेवटच्या ओळीला मिलिंदचा आवाज फाटला.
"परत घेऊ," काका म्हणाले.
"नको. तो तसाच फाटायला पाहिजे."

कॅसेट हातात आली तशी मी ती हौसेने घरी बाबांना ऐकवली.

माझे बाबा त्याच कारखान्यात टाइमकीपर होते.

गाणं संपायच्या आत त्यांनी टेप बंद केला.
"तो आला होता, अविनाश. मीच लिहिलं होतं त्याचं नाव. मग साहेबांनी अख्खं पान नव्याने लिहायला लावलं."
"आणि तुम्ही लिहिलंत?"
"ताईचं लग्न ठरलं होतं तुझ्या. नोकरी गेली असती."
मग खाली बघत म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

मी नाही बोललो.

त्या रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात आमचा कार्यक्रम होता. दादाची आई पहिल्या रांगेत बसणार होती. कंपनी पोलीस पाठवणार, अशी बोलवा होती.
मी घरातून निघालो, स्टँडवर गेलो आणि समोर लागलेल्या घोटीच्या एसटीत चढलो. संध्याकाळपर्यंत घोटीच्या बाजारात हमालांना भाताची पोती चढवताना बघत बसलो.

काय झालं ते जोसेफने सांगितलं. ‘हजेरी’ ड्रमशिवायच सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला आई उभ्या राहिल्या आणि टाळ्यांनी ठेका धरला. मग सगळ्या हॉलने.

चार दिवसांनी मिलिंद घरी आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.
"आजारी होतास?"
"नाही."
"मग?"
"घाबरलो."
"पोलिसांना?"
मी मान डोलावली.
"चालतं रे. सगळेच घाबरतात."
तो मला माफ करून गेला. भलत्याच गोष्टीसाठी.

दादाच्या आई कोर्टात लढल्या. त्या हजेरीच्या पानावर हरल्या.
बँड मोडला. मिलिंद नांदगावला शाळेत नोकरीला लागला. लग्न केलं नाही.

खूप वर्षांनी एकदा येवल्याच्या स्टँडवर भेटला. केस पांढरे.
"वाजवतोस का?"
"नाही रे. तू?"
"वाजवतो. दार लावून. शेजारची पोरं हसतात."
त्याची गाडी लागली. मला तेव्हा सांगायचं होतं. म्हणालो, "तब्येत सांभाळ."

बाबाही गेले. आता हे माहीत असलेला माणूस मी एकटाच आहे. गप्प राहवत नाही.

मिलिंद, हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. जमलं नाही. आता सगळ्यांसमोर लिहितो.
तुझा दादा त्या दिवशी कामावर आला होता. वेळेवर आला होता. शुद्धीत होता.
माझ्या वडिलांनी त्याचं नाव लिहिलं होतं, आणि माझ्या वडिलांनीच ते काढलं.

जा मित्रा.
अखेरचा जय भीम.