ठेवणीतले टायर

चार वर्षं मी चार टायर जपले आणि त्यांनीच मला नेऊन आदळलं. हे लिहितानाही माझ्या दाढा घट्ट मिटतात, आणि मी दातांची डॉक्टर आहे. दाढा आवळू नका हे मी रोज चार पेशंटना सांगते.

गाडी माझी आहे. दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला जवळजवळ टेकलेली, सेकंडहँड स्पोर्ट्स कार. सेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या कमाईतून घेतली. मुलुंडहून घाटकोपरच्या दवाखान्यात रोज तीच नेते, आणि वर्षातले तीन-चार रविवार हायवेने तीन तासांवरच्या एका रेसिंग ट्रॅकवर जाते. तिथे रिक्षा मध्ये घुसत नाही, पेव्हर ब्लॉक उखडलेले नसतात, आणि गाडी ज्यासाठी बनवली आहे ते तिला करू देता येतं. नवऱ्याला हे कधीच पसंत नव्हतं. त्याने एक अट घातली होती. "ट्रॅकवर एकदा जरी ठोकलीस, तर गाडी विकायची." मी हो म्हटलं. मी ठोकणार नव्हतेच.

गाडीबरोबर आलेले टायर संपले तेव्हा आम्ही दोघं भांडुपच्या एका टायरवाल्याकडे गेलो. गाडी माझी, चावी माझ्या हातात, आणि दुकानदार बोलत होता नवऱ्याशी.

"साहेब, हा घ्या. साठ हजार किलोमीटर, डोळे झाकून."

"डोळे उघडे ठेवून चालवते मी," मी म्हटलं. "ट्रॅकवर चालेल का?"

"ट्रॅकला मऊ रबर लागतं, साहेब," तो नवऱ्यालाच म्हणाला. "रस्ता मस्त धरतं, पण झिजतं पण पटपट."

मला मधला टायर हवा होता. पावसात रस्त्यावरचं पाणी बाजूला सारणारा, ट्रॅकवर वळणात धरणारा आणि दोनेक वर्षांत संपणारा. तसा एक दुकानात होता. मी नख दाबून पाहिलं, रुतत होतं.

"दोन वर्षांत संपणारी वस्तू मुद्दाम विकत घ्यायची?" नवऱ्याने विचारलं. आमच्या घरात वस्तूला एकच परीक्षा असते, ती टिकते का. मिक्सर आमच्या लग्नातला आहे. तो किंचाळतो, पण टिकलाय.

मग दुकानदाराला युक्ती सुचली. "दोन सेट ठेवा ना. रोजचे कडक, ट्रॅकचे मऊ. रिमसकट घ्या, मी अर्ध्या तासात बदलून देतो."

नवऱ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे रोजचे आणि ठेवणीतले!"

मलाही पटलं. घरी सांगितल्यावर सासूबाईंनाही पटलं. आमच्या घरात तिघांचं एकमत झालं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

ठेवणीतली चाकं ठेवायची कुठे हा प्रश्न सोसायटीने सोडवला. पार्किंगमध्ये टायर ठेवू नयेत, त्यात पाणी साठून डास होतात, पालिकेची माणसं तपासायला येतात, अशी नोटीस लिफ्टशेजारी आधीपासूनच होती. सेक्रेटरींनी मला ती पुन्हा वाचून दाखवली. त्यामुळे चारही चाकं तिसऱ्या मजल्यावर, आमच्या काचा लावलेल्या बाल्कनीत आली. सासूबाई मूळच्या मालवणच्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय गो, ही काळी चाकां घरात कित्याक हाडलंस?" आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच त्यांना आपल्या जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळून ठेवलं. प्रत्येकाला वेगळं लुगडं. गाठसुद्धा नीट मारलेली.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला खरी चीड आहे. मी ते टायर वापरले नाहीत. ट्रॅकवर पंधरा-वीसच गाड्या येणार असल्या, तर रोजच्याच टायरांवर जाऊन यायचे. ऊन फार असलं तर ठेवणीतले उगाच झिजतील म्हणून नाही काढायचे. काढलेच, तर वळणात हात आखडून चालवायचे. चार वर्षांत ते पाच वेळा रस्त्याला लागले असतील. बाकीचा सगळा काळ ते बाल्कनीत, पश्चिमेच्या उन्हात, वॉशिंग मशीनच्या शेजारी, लुगडी नेसून बसलेले.

मागच्या हिवाळ्यात ट्रॅकवर मोठा दिवस होता आणि नवरा पहिल्यांदाच बघायला येतो म्हणाला. मी ठेवणीतले काढले. दुकानदाराने चढवताना कौतुक केलं. "एकदम कोरे आहेत, मॅडम! छान जपलेत." चार वर्षांत तो निदान माझ्याशी बोलायला लागला होता. नक्षी पूर्ण खोल होती, नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केससुद्धा कडेला शिल्लक होते.

तिसऱ्या फेरीत, डाव्या वळणावर, गाडीचा मागचा भाग निसटला. ज्या वेगाने ते वळण मी रोजच्या टायरांवरही घेते, त्याच वेगाने. मी स्टीअरिंग उलट फिरवलं, काही उपयोग झाला नाही. कडेला जुन्या टायरांचा बांध रचलेला असतो, त्यात मी मागून जाऊन बसले. मला खरचटलंही नाही. बंपर गेला, एक दिवा गेला, आणि कुंपणाच्या पलीकडे नवरा उभा होता.

ट्रॅकवर शिकवणारा बोरिवलीचा एक इन्स्ट्रक्टर आहे. तो धावत आला, आधी मला बघितलं, मग वाकून टायर.

"कधीचे आहेत हे?"

"नवे आहेत. वापरलेच नाहीत."

त्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन बनल्याचा आठवडा, नंतरचे दोन वर्ष. मग नख दाबलं. रुतलं नाही. मी दाबलं. माझंही नाही.

"मॅडम, रबर वाळलंय. उन्हात होते का? हे टायर नाहीत, आमच्या नॅशनल पार्कातले दगड आहेत. याच्यापेक्षा रोजचे बरे."

दवाखान्यात दात भरायच्या मसाल्याची तारीख उलटली की मी अख्खी ट्यूब फेकते. असिस्टंट कळवळते, "मॅडम, अजून उघडलीपण नाही!" मी तिला दरवेळी तेच सुनावते, न उघडल्याने वस्तू जुनी व्हायची थांबत नाही. आणि घरी? सासूबाईंचा शालू वर्षानुवर्षं ट्रंकेत होता. आमच्या लग्नात बाहेर काढला तर प्रत्येक घडीवर विरलेला. आमच्याकडे तो किस्सा हसत सांगतात. मीही हसत आले आहे.

परतीच्या वाटेवर गाडी टेम्पोवर चढवलेली आणि आम्ही दोघं पुढे ड्रायव्हरशेजारी.  वाशीला नवरा म्हणाला, "ठरलं होतं."

"माहितेय."

अट म्हणजे अट. बंपर दुरुस्त करून, रोजचे टायर चढवून मी गाडी विकायला काढली. मालाडहून एक पंचविशीचा मुलगा बघायला आला. गाडी त्याला आवडली. चहाला वर आला आणि परत बाल्कनीत आणून ठेवलेली ती चाकं बघून त्याचे डोळे चमकले.

"हे पण येणार ना? मी पण ट्रॅकवर जाणार आहे. हेच चढवून द्या."

"येतील की," नवरा म्हणाला.

"नाही येणार," मी म्हटलं. "ते मेलेत."

"अहो, एवढी नक्षी आहे!"

"नख लाव."

"काय?"

"नख लाव त्याला. रुततंय?"

"टायरला नख कोण लावतं, काकू?"

"मी लावलं नाही म्हणून बांधावर जाऊन बसले. तू पावसात हायवेवर बसशील. आणि तिथे टायरांचा बांध नसतो, समोर ट्रक असतो."

"काकू, मी बघून घेईन ना. हे देत असाल तर आत्ता फायनल."

"देत नाही."

तो चहा अर्धा टाकून गेला. सासूबाई म्हणाल्या, "नवीच आसत ती, टाकतंस कित्याक?" आणि नवरा म्हणाला, "हाताशी आलेलं गिऱ्हाईक घालवलंस."

मग मात्र मी सुटले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. त्या मिक्सरपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी चारही चाकं भांडुपला नेली आणि दुकानदाराला टायरांच्या कडा समोर कापायला लावल्या, म्हणजे ते कोणी पुसून-चमकवून पुन्हा विकायला नकोत. तो हळहळत होता. मग चार वर्षांपूर्वी नख रुतलं होतं तो मधला टायर मागितला, तोच एक सेट, रस्त्याला आणि ट्रॅकला. आधी चारही टायरांवरचे आकडे वाचले. एक जुना निघाला, तो परत केला.

"हे दोन वर्षंपण नाही जाणार, मॅडम. तुम्ही चालवता तसे."

"नको जाऊ देत."

नवऱ्याने घरी विचारलं, "गाडी विकायची आहे ना? मग नवे टायर कशाला?"

"विकेन. हे संपले की."

त्याने जरा विचार केला. "म्हणजे आता तू ते जपून चालवणार."

"बघच तू."

मी दवाखान्यात त्यांच्यावरच जाते, भाजीलाही जाते, मुलुंड चेकनाक्याच्या खड्ड्यांतून जाते. ट्रॅकवर या वर्षात चार वेळा गेले आणि एकदाही हात आखडला नाही. नक्षीच्या तळाशी एक छोटी पट्टी असते, रबर तिथवर झिजलं की टायर संपला. काल मोजलं. मागच्या दोघांना दोन मिलिमीटर उरलेत. नवरा अटीची आठवण करून देतो, आणि देणारच. तेव्हाचं भांडण तेव्हा करू.

येत्या रविवारी ट्रॅक आहे. मी नाव नोंदवलंय.