दाजींचं दुखणं आणि माझ्या गोष्टी

दवाखान्याच्या खालच्या मेडिकलमध्ये दुकानदार इंजेक्शनं पिशवीत भरत होता, तेवढ्यात वरून सुरेखाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. ‘‘दादा, औषधं घेऊ नकोस आता. वर ये.’’ मला कळलं नाही असं नाही. पण जिथं गप्प बसायचं तिथं हमखास बोलणारा माणूस मी. म्हणालो, ‘‘अगं, बांधून झालीत की.’’ तिनं फोन ठेवला... आमचे दाजी, सुरेखाचे यजमान, असे गेले. स्वादुपिंडाला सूज आली आणि अतिदक्षता विभागात चौथ्या दिवशी सगळं संपलं. आज सात आठवडे झाले. ती पिशवी मी घेतली की तिथंच ठेवली, अजून आठवत नाही.

दाजी कागलच्या एमआयडीसीत तपासनीस होते. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग मापून बरोबर की चूक ते ठरवायचं, हे त्यांचं काम. ती सवय अंगात इतकी मुरलेली, की चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा पोटात असह्य कळ येऊन ॲडमिट झाले आणि डॉक्टरांनी ‘‘दुखणं दहापैकी किती?’’ विचारलं, तेव्हा हा गृहस्थ घामानं भिजलेला असतानाही म्हणाला, ‘‘साडेआठ. मघाशी नऊ हुतं.’’ बाहेर व्हरांड्यात पाहुण्यांनी निकाल लावून टाकला होता, की स्वादुपिंडाला सूज म्हणजे माणूस चोरून दारू पीत असणार. मीही कमी नाही. कॉटजवळ वाकून हळूच म्हणालो, ‘‘दाजी, खरं सांगा. मी सुरेखाला सांगत न्हाई.’’ नाकात नळी असताना ते म्हणाले, ‘‘पावणं, मी च्या सुदीक मापून पितो.’’ निघाला पित्ताशयातला खडा. पित्ताशय काढलं, दाजी घरी आले आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

दाजी सुटले नव्हते. ती कळ त्यांच्या डोक्यात जाऊन बसली होती. तेलाचा थेंब बघितला तरी हात पोटावर जायचा. लग्नकार्यात जेवायला बसले की कुणीतरी वाटी पुढं करायचं, ‘‘एवढ्याशा रश्श्यानं काय हुतंय वो दाजी?’’ आपल्याकडं न जेवणारा पाहुणा म्हणजे यजमानाचा अपमान, त्यामुळं शेवटी त्यांनी लग्नांना जाणंच सोडलं. मग छातीत धडधड, हाताला कंप, घाम आणि पोटात दुखणं. तीनदा धावत दवाखान्यात नेलं, तिन्ही वेळा रक्त तपासलं, काही निघालं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं. भीतीनं पोट आवळतं, दुखतं. दुखलं की वाटतं तेच परत आलं, की भीती वाढते. ‘‘दुखणं खोटं नाही आणि भीतीही खोटी नाही. दोन्हीला उपचार आहेत,’’ म्हणाले, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडं जायला चिठ्ठी लिहून दिली. वर बजावलं, की दुखणं पाठीत गेलं किंवा उलट्या झाल्या तर घरी अंदाज बांधत बसू नका, लगेच या.

ती चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेर आलो. दाजी जायला तयार होते, हे मला आज लिहायलाच हवं. मीच म्हणालो, ‘‘खुळं झालंय काय कोण? मन रमवायला मी हाय की.’’ आमच्या घराण्यात गोष्टी सांगणारा म्हणून माझं थोडं नाव आहे. बारशापासून तेराव्यापर्यंत मला कुणी गप्प बघितलेलं नाही. तेव्हापासून पद्धतच पडली. दाजींच्या पोटात दुखायला लागलं की सुरेखा मला कसबा बावड्याला फोन लावायची, मी आकडा विचारायचा, एक गोष्ट सांगायची, परत आकडा विचारायचा. सातचा तीन व्हायचा, सहाचा दोन. रक्त तपासायची गरज उरली नाही. लोकांना मी छाती फुगवून सांगायचो, की दाजींच्या गोळीचं नाव तुम्हाला माहीत नाही, ती गोळी तुमच्यासमोर उभी आहे.

त्या रविवारी सकाळी नाष्टा झाल्यावर फोन आला. ‘‘किती?’’ मी विचारलं. ‘‘आठ,’’ दाजी म्हणाले. जरा थांबून म्हणाले, ‘‘पाठीत बी वाटतंय, पावणं.’’

‘‘उशी वाकडी घेऊन झोपला असशीला,’’ मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

मग त्यांनीच चंदगडची गोष्ट मागितली. मुलगी बघायला मी चंदगडला गेलतो, पावसात चुकीच्या स्टॉपवर उतरलो आणि भलत्याच घरात जाऊन बसलो, पोहे खाल्ले, मुलगी पसंत आहे असंही सांगून टाकलं. ती बिचारी माहेरपणाला आलेली, कडेवर पोर असलेली. ही गोष्ट दाजींनी पंचवीसएक वेळा ऐकली असेल. तरी ठरलेल्या जागी त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, ‘‘मग दुसरी प्लेट मागितलासा का न्हाई?’’ आणि हसले. मी हसणं ऐकलं, मनात म्हटलं, झालं काम. ‘‘आता किती?’’ म्हणाले, ‘‘चार.’’ मी फोन ठेवला, आंघोळीला गेलो. दुपारी उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘कधीपासून दुखतंय?’’ सकाळी आणलं असतं तर वाचले असते का, हे मी नंतर विचारलं. नक्की सांगता येत नाही, म्हणाले. भला माणूस. मला त्या उत्तरात कुठंच उभं राहायला जागा मिळत नाही.

गेल्या आठवड्यात सुरेखाकडं गेलतो. ती रडत नव्हती, शेंगा निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, ‘‘दादा, तुला एक सांगू? तुझ्या गोष्टीनं त्यांची भीती जायची. दुखणं हाय तिथंच असायचं.’’

‘‘मग आकडा?’’

‘‘तुला बरं वाटावं म्हणून ते कमी सांगायचं.’’ ताट तिनं बाजूला ठेवलं. ‘‘त्या दिवशी ते भ्यालं असतं तर बरं झालं असतं रे. भीतीनं तरी दवाखान्यात गेलो असतो...’’

मी काही बोललो नाही. कुणी ऐकलं तर विश्वास ठेवणार नाही.

आतल्या खोलीत खिडकीपाशी त्यांची लाकडी खुर्ची आहे, पाठ पुढं करून ठेवलेली. दुखायला लागलं की ते तिच्यावर उलटे बसायचे, खुर्चीची पाठ छातीशी धरून पुढं वाकायचे, म्हणजे जरा सुसह्य व्हायचं. मला हे माहीतच नव्हतं. फोनवर बोलताना मला वाटायचं, लोडाला टेकून मजेत ऐकत असतील. खुर्चीच्या पाठीवर वरच्या फळीचं पॉलिश एका ठिकाणी पार गेलंय. कपाळ टेकून टेकून. सुरेखा चहा ठेवायला गेली तेव्हा मी त्या खुर्चीवर तसाच उलटा बसलो, पुढं वाकलो, कपाळ त्या जागी टेकवलं. पोट दुमडतं, श्वास अर्धाच येतो. तसं बसून हसता येतं का, ते करून बघितलं.

येत नाही.