लाल मखमलीची वाटणी

कापडाच्या गोदामात दिवसभर वावरलं की घरी जाताना धोतराला रंगीबेरंगी दोरे चिकटलेले असतात. मुद्दाम कोण गोळा करतो! किस्स्यांचंही तसंच. अमरावतीच्या पेढीत मी इतकी वर्षं काढली, की आता नुसतं झटकलं तरी चार-दोन पडतात.

माझं काम वाटणीचं. मुंबईहून माल यायचा आणि कोणत्या दुकानाला काय धाडायचं ते मी ठरवायचो. आमच्या शेठजींची दुकानं तीन: अकोला, परतवाडा आणि बार्शीटाकळी. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, तिथला कापूस बंद, त्यामुळे साहेबलोक वऱ्हाडचा कापूस शेतकरी मागेल त्या भावाने उचलत होते. एका धोतरावर वर्ष काढणारा माणूस "बारीक पोताचं दाखवा" म्हणू लागला! अशा दिवसांत वाटणी करायला छाती लागते. ती मला होती. चुका केल्या, पण भीत भीत एकही केली नाही.

*

अकोल्याचं दुकान रामजीभाऊ बघायचे. दर आठवड्याला त्यांचा निरोप यायचा, "दुकान रिकामं, धोतरं धाडा." मी धाडायचो. एकदा न कळवता बैलांची दमणी जुंपली आणि थेट अकोला गाठलं.

फळ्या खरंच रिकाम्या! पण रामजीभाऊ बसले होते ती गादी माझ्या कमरेइतकी उंच. चादर उचलली, तर खाली धोतरांचे गठ्ठेच गठ्ठे.

"भाऊ, हे काय?"

"सण आला का तुमी परतवाड्याले पयले धाडता. मंग आमी कावून नाई साठवाचं?" आणि वर म्हणाले, "पाठीले बी आराम पडते जी!"

तेव्हापासून अकोल्याची मागणी आली की मी आधी विचारायचो, "गादी किती उंच आहे?"

*

छत्र्यांची चूक मात्र माझी. मुंबईहून चाळीस छत्र्या आल्या. मेळघाटात पाऊस जास्त, म्हणून सगळ्या परतवाड्याला धाडल्या. एक खपली नाही! डोंगरातली माणसं पानांची खोळ डोक्यावर घेऊन दोन्ही हातांनी काम करणारी. एक हात छत्रीत कोण अडकवील?

मग त्या अकोल्याला हलवल्या. कापसाच्या बाजारात, रणरणत्या उन्हात, तीन दिवसांत साफ! पुढे भर पावसात तिथलाच एक पाटील भेटला. स्वतः चिंब, आणि छत्री उपरण्यात गुंडाळून काखेत.

"पाटील, उघडा की!"

"वा जी! मुंबईची हाये. भिजली म्हंजे?"

*

आता बार्शीटाकळी. तिथे गणपतकाका. सगळ्यांत लहान दुकान, त्यामुळे दोघांचं वाटून झालं की उरेल ते त्यांना. काकांनी पंधरा वर्षांत तक्रार केली नाही. निरोप एकच, "जे उरलं ते धाडा." त्यामुळे विक्री कमी, आणि शेठजींनी ठरवून टाकलं, "पोळ्याला जाऊन मी स्वतः कुलूप लावणार." मला फार लागलं. वाटणी माझी आणि शिक्षा काकांना!

त्याच सुमारास शेठजींनी हौसेने भडक लाल मखमल मागवली. लोकांनी बघून घ्यावी म्हणून स्वतःला कोट शिवला आणि तो घालून अकोल्यात मिरवले. लोकांनी बघितली. घेतली कोणीच नाही. उरली मखमल कुठे जाणार? बार्शीटाकळीला! गाडीत तागे चढवताना माझी मान वर होईना.

चार दिवसांनी काकांचा निरोप आला, "अजून हाये काय?" मला वाटलं, शेवटी म्हातारा टोमणा मारायला शिकला. मी होते नव्हते ते तागे धाडले.

पोळ्याच्या दिवशी शेठजी निघाले. अंगात तोच कोट, हातात कुलूप, सोबत मी. दुकानात गेलो, तर मखमलीचा एक तागा नाही. काका शांतपणे सुपारी कातरत होते.

"कोणी घेतली?" शेठजी ओरडले.

"आवो, माणसाले लाज वाटते असा कोट घालाले. बैलाले कायची लाज? चाला, दाखवतो."

गावाबाहेर तोरणाखाली पोळा भरला होता. बैलांच्या जोड्यांमागून जोड्या, आणि एकूण एक बैलाच्या पाठीवर लाल मखमलीची झूल! शेठजी बघतच राहिले. मग त्यांनी ते कुलूप काकांच्या हातात दिलं. म्हणाले, "ठेवा. दुकान वाढलं की मागच्या खोलीला लागेल." माझा जीव भांड्यात पडला.

शेठजी खुशीत पुढे झाले आणि रांग नीट दिसावी म्हणून दोन जोड्यांच्या मधे उभे राहिले. रांग लावणारा एक म्हातारा शेतकरी त्यांच्यापाशी येऊन थांबला. त्याने कोटाकडे बघितलं, बाजूच्या झुलीकडे बघितलं, आणि अगदी काळजीने विचारलं,

"शेठजी, तुमच्या जोडीचा कुठं रायला?"