शांतीबाईचं माप

नवेगाव बांधच्या दुधराम सुताराकडे दोन दोऱ्या असत. एक कवाडाची, बैलगाडीची, तलावात मासे धरणाऱ्या धिवरांच्या डोंग्याची मापं घ्यायची. दुसरी वेगळ्या खुंटीला टांगलेली, ती गावात कोणी गेलं की तिरडीचे बांबू कापायला. दुधराम बिचारा या दोन दोऱ्या कधी एकमेकींना लागू देत नसे, पण गावाला ते कोण समजावणार? तो दोरी घेऊन नुसता माणसाकडे वळला तरी माणूस मागे सरके. शिंप्याने माप घेतलं तर कुडता होतो, सुताराने घेतलं तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

असा हा माणूस, आणि खेमराज गुरुजींनी हाडांचा सापळा त्याच्याच गळ्यात मारला.

आपला भाग छप्पन साली मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. शाळेत शरीराचा धडा आला होता. गुरुजी मूळचे आमगावचे, उत्साही गडी. नागपुरात एका दुकानात खरा सापळा मिळतो असं त्यांनी कुठून तरी ऐकलं आणि गावासमोर बोलून बसले. झालं. म्हातारे केवळराम पाटील तिथल्या तिथे म्हणाले, "कोणाच्या मायबापाची हाडं शाळेत टांगता गुरुजी? ज्याले कोणी अग्नी देल्ला नाई, तो तुमच्या वर्गात गुपचूप थोडाच बसंल." मग कोणाची छाती होते खरा सापळा आणायची? गुरुजी भिंतीवरचा तक्ता गुंडाळून थेट दुधरामच्या अंगणात आले आणि म्हणाले, लाकडाचा करून दे, सव्वीस जानेवारीला गावासमोर उभा करू.

दुधरामने आधी कानाला हात लावले. पण गुरुजींनी तक्ता उलगडला, एकेक सांधा दाखवत नावं सांगितली, आणि गडी तिथेच विरघळला. खांद्याचा आणि खुब्याचा तो उखळीचा सांधा: गोल डोकं खोलगट वाटीत, हवं तिकडे फिरतं. गुडघ्याचा आणि कोपराचा बिजागरीचा: उघडतो, मिटतो, आडवा जात नाही. मनगटातली बारकी हाडं एकमेकांवर सरकतात, तो सरकता सांधा. मान वळते ती खुंट्याभोवती जातं फिरावं तशी. आणि कवटीची हाडं फणीच्या दात्यांसारखी एकमेकांत बसलेली, ती जन्मभर हलत नाहीत.

"हे तं समदं आमचंच काम आहे," दुधराम म्हणाला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. देवानेही बिजागरी वापरली आणि शिकलेल्या लोकांनी तिला बिजागरीच म्हटलं, याचं त्याला फार अप्रूप वाटलं. त्या दिवशी त्याने जेवताना स्वतःचं कोपर इतक्या वेळा मिटवून-उघडून पाहिलं, की शांतीबाईने त्याच्यापुढची ताटली जरा दूर सरकवली.

शांतीबाई त्याची बायको. तोंडाने फटकळ, मनाने लोण्यासारखी. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडली, डाव्या मांडीचं हाड मोडलं, जुळलं. पण आखूड जुळलं. तेव्हापासून ती लंगडे. लंगडे म्हणजे काय, तर कोणाला दिसू नये असं लंगडे. लुगडं पावलांपर्यंत सोडलेलं. रस्त्याने नेहमी नवऱ्याच्या मागे. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या आधी बसे आणि सगळ्यांच्या नंतर उठे. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती, पण त्या पायाबद्दल नवरा-बायकोत एक शब्द झाला नव्हता. दुधरामला वाटे, काढला विषय तर तिला लागेल. तिला वाटे, हा बोलत नाही म्हणजे याला लाज वाटते. माणसं एका चुलीवर जेवतात आणि अशी वेड्यासारखी गप्प राहतात.

तर आता माप. तक्त्यावरचा माणूस हातभर, त्यावरून पुरत्या माणसाची हाडं कशी काढायची? दुधरामने शिवणीचं पांढरट लाकूड आणलं, कोरी करकरीत सुतळी आणली, आणि दारोदार फिरला. एक माणूस उभा राहील तर शपथ. केवळराम पाटील म्हणाले, "माझं माप तुले घ्याचंच आहे एक दिवस, आत्ताच काऊन घाई करून राहिला?" शेवटी तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "माझंच घे तू. मी सांगतो कसं घ्याचं ते."

शांतीबाईच्या हातातली परात खाली आली. "तुमच्या अंगाले मी दोरी लावू? मरेन पण लावणार नाई."

"मंग गुरुजीले सांगू, नाई जमत म्हणून?"

ती बराच वेळ परातीतलं पीठ मळत राहिली. नवऱ्याचं तोंड लहान मुलासारखं पडलेलं तिला बघवत नव्हतं. शेवटी वर न बघता म्हणाली, "माझं घ्या. पण एक आयका. पाय दोन्ही सारखे करा."

दुधराम गलबलला. वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या पायाबद्दल बोलली होती. "बरं," एवढंच तो म्हणाला.

दार लावून त्याने माप घेतलं. दंड, मनगट, बरगड्या, कमरेचं हाड. पाठीचे मणके बोटाने चाचपत त्याने खडूचे ठिपके दिले आणि त्यांवर सुतळी धरली. पाठ एका बाजूला झुकून परत वळली होती, कमर एकीकडे खाली होती, एक खांदा चढा होता. जे होतं ते त्याने तसंच घेतलं, कारण मापात खोटेपणा त्याच्या हाताला जमत नसे. पायाचं माप मात्र त्याने उजव्याचंच घेतलं आणि दोन्हीकडे तेच धरलं. डाव्या पायाला दोरी लागलीच नाही, आणि शांतीबाईने डोळे मिटून घेतले होते.

दिवाळीपासून तो त्या कामाला जुंपला. वाकसाने तासायचं, पटाशीने कोरायचं, काचेच्या तुकड्याने घासायचं. खुब्याची वाटी अशी गुळगुळीत केली, की मांडीचं डोकं त्यात तेल लावल्यागत फिरे. गुडघे मागे मिटत आणि पुढे जात नसत. अंगणात हाडं वाळत घातलेली बघून येणारे-जाणारे वाट वाकडी करत, आणि शांतीबाई म्हणे, "या बाप्पा, बसा, मीच आहे ती." तिला गंमत वाटू लागली होती. ते सरळ लांब पाय ती येता-जाता हाताने पुसून ठेवी.

सव्वीस तारखेला चारेक दिवस उरले असताना दुधरामने सगळं जोडलं, मागे सळई लावली आणि सापळा फळीवर उभा केला. तो डावीकडून उचलला गेला आणि उजवीकडे कलंडला. दुधरामने धरला म्हणून वाचला. त्याने खुब्याची वाटी तासली, तरी कलंडला. फळी सपाट केली, तरी कलंडला. सळई घट्ट केली, तर सापळा सळईसकट वाकडा झाला. गुरुजी येऊन डोकं खाजवून गेले. "कुठं चुकलं काई समजत नाई," दुधराम म्हणाला आणि डोक्याला हात लावून ओसरीवर बसला. सगळं गाव जमणार होतं, आणि त्याच्या हातचं काम आजवर कधी लुळं पडलं नव्हतं.

शांतीबाई सकाळपासून चुलीपाशी बसून हे पाहत होती. ती उठली, लाकडाचा एक जाडसा तुकडा उचलला, आणि नवऱ्यासमोर येऊन डाव्या पायाखाली ठेवून उभी राहिली. दोन्ही पाय सारखे झाले. आणि ती उजवीकडे झुकली, अगदी सापळा झुकला होता तशीच. तोल जाऊ लागला तसा तिने खांब धरला.

"पाहाता का?" ती म्हणाली. "पाय आखूड पडला तेव्हापासून कमर खाली झाली, पाठ वळली, खांदा चढला. समदे मिळून मले उभं ठेवून राहिले. तुमी एकट्या पायाले सरळ केलं आणि बाकीच्यायले तसंच ठेवलं. कसं उभं राहीन?"

दुधराम ओसरीवरून उठला. मग घाईघाईने म्हणाला, "मी पाठ नवी करतो. कमर नवी करतो. समदं सरळ करून देतो तुले. गुरुजीले म्हणू, थांबा महिनाभर."

"नोको," ती म्हणाली. "मंग ती मी नाई होणार. आखूड करा पाय."

"मी तुले शब्द देल्ला होता."

"मी वापस घेऊन राहिली. आणा करवत."

त्याने करवत आणली, पण तो ती लाकडाला लावेना. ज्याने उभे साग चिरले, तो पात्याची धारच बोटाने चाचपत बसला. शेवटी शांतीबाई खाली बसली, ते लाकडी मांडीचं हाड तिने दोन्ही हातांनी पाटावर दाबून धरलं, आणि म्हणाली, "चालवा." त्याने मधला दोन बोटांचा तुकडा कापून काढला आणि उरलेले दोन भाग खुंटी घालून जुळवले. जोडाच्या जागी एक बारीक कडं राहिलं. घासून जाईल असं तो म्हणाला. तिने घासू दिलं नाही. "तिथंच मोडला होता," ती म्हणाली. सापळा उभा राहिला, सळईला फारसा भार न देता.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला आणि गुरुजींनी सापळ्यावरची चादर काढली. बाया मागे सरकल्या, मग हळूहळू पुढे आल्या. गुरुजींनी कोपर मिटवून दाखवलं, खांदा फिरवला, मान वळवली. लोक खूश. दुधराम टोपी हातात चुरगाळत उभा होता. आणि केवळराम पाटलांनी काठी टेकत फेरी मारली, वरपासून खालपर्यंत निरखलं, आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "का रे दुधराम, हा लंगडा काऊन?"

  दुधरामने एकदा बायांच्या घोळक्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. "माझीच चूक झाली पाटील," तो म्हणाला. "हात चुकला माझा. एक पाय कमी पडला."

ज्याने आयुष्यात एक कवाड वाकडं बसवलं नाही, तो गावासमोर असं बोलला. बायकोसाठी त्याने आपली उभ्या जन्माची कारागिरी धुळीला मिळवली, आणि तीही एका क्षणात.

मागून बायांचा घोळका हलला. शांतीबाई पुढे येत होती. सगळ्यांच्या नजरेसमोर, मधल्या मोकळ्या जागेतून, लंगडत. लुगडं तिने जरासं वर खोचलं होतं, कामाला निघताना खोचतात तसं. ती सापळ्याशी आली आणि त्याच्या चढ्या खांद्यावर तिने हात ठेवला. तिचा आणि त्याचा, दोन्ही खांदे सारखेच चढे होते.

"यायचा हात नाई चुकला पाटील," ती म्हणाली. "माप माझं आहे. गावात दुसरं कोणी देईना, म्हणून मी देल्लं."

 केवळराम पाटलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सापळ्याकडे, आणि मग काठी बगलेत धरून दोघांना मिळून एक नमस्कार केला. नंतर खूप वर्षं शाळेतली पोरं त्या सापळ्याला शांतीमायच म्हणत, आणि मांडीवरचं ते कडं बोट लावून लावून काळं झालं.

कापलेला तुकडा दुधरामने फेकला नव्हता. घरातली खाट एका पायाने डुगडुगत असे, शांतीबाईने तो तिथे सारला. "इतकी वर्षं नडून राहिला, आता कामी आला," ती म्हणाली.

पण ते संध्याकाळी. दुपारी शाळेतून निघताना मात्र ती नेहमीसारखी त्याच्या मागे थांबली नाही, तलावाच्या पाळीवरून सरळ पुढे चालू लागली. दुधरामने टोपी घातली आणि मागून तिच्याकडे पाहिलं. पाय आखूड पडत होता, कमर त्याला सावरत होती, पाठ कमरेला, खांदा पाठीला. चार पावलं टाकून तो तिला सहज गाठू शकला असता. तो मुद्दाम मागे राहिला, घर येईपर्यंत.