कुंभार्ली खाली, कुंभार्ली वर

कराडच्या संगमावर धुकं इतकं दाट होतं की कृष्णा कुठली आणि कोयना कुठली, हे आधीपासून माहीत असणाऱ्यालाच कळावं. मार्गशीर्षातली सकाळ. वैशालीने सायकलचा पुढचा दिवा लावला आणि म्हणाली, "चल गं. उजाडायची वाट बघत बसलो तर समुद्र काय हिकडं येणार न्हाई."

वैशाली कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. माहेर-सासर दोन्ही उसाचं, नवरा सैन्यात. मी परिचारिका. दोघींनीही चाळिशी ओलांडली आहे आणि दोघींकडेही बारीक चाकांच्या, रस्त्यावर पळणाऱ्या हलक्या सायकली आहेत. बेत तीन दिवसांचा: पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागरचा समुद्र, आणि त्याच वाटेने परत.

परत येणं हीच खरी गोष्ट होती. गेल्या वर्षी येताना अर्ध्या घाटात माझ्या पायांत गोळे आले. एका टेंपोवाल्याला हात केला, सायकल आडवी टाकली आणि वर आले. वैशाली पायडल मारत चढली होती. वर पोचून तिने माझ्या हातात चहाचा कप दिला. तो चहा मला वर्षभर कडू लागला.

पाटणच्या रस्त्याला धुकं विरलं आणि कोयना डाव्या हाताला लागली. उसाच्या ट्रॉल्या गेल्याच्या खुणा रस्ताभर पडलेल्या. उसाच्या कांडक्यावर पुढचं चाक चढलं की सायकल हातातून निसटायला बघते. पण हवा अशी गार, रस्ता असा मोकळा, की मी मोठ्याने गायला लागले. बांधावरची एक म्हैस मान वर करून बघत राहिली.

पाटणला मिसळ खाल्ली. शेजारच्या बाकावरचे फेटेवाले आजोबा आमच्याकडे आणि सायकलींकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"आवं बाई, यष्टी चुकली का?"

"न्हाई मामा," वैशाली म्हणाली, "यष्टीला पायडल न्हाईत म्हणून सोडली."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना त्यांनी आमच्या दोन्ही टायरी अंगठ्याने दाबून बघितल्या आणि हवा बरोबर असल्याचं सांगितलं.

कोयनानगर मागे टाकून घाटमाथ्यावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथे रस्ता अचानक संपल्यासारखा वाटतो. पुढे फक्त आभाळ, आणि खाली, फार खाली, कोकण. निळसर डोंगरांची एकामागे एक रांग. मी श्वास घेतला आणि ब्रेकवरची बोटं सैल केली.

घाट उतरण्याचं सुख लिहून सांगणं कठीण आहे. वारा कानात गर्जत असतो, डोळ्यांतून पाणी येतं, वळणावर अंग आपोआप आत झुकतं आणि सायकल जणू तुमच्या कमरेतून उगवलेली असते. एक वळण, दुसरं, तिसरं. पुढे वैशालीचं पिवळं जाकीट दिसत होतं, दिसेनासं होत होतं. चौथ्या वळणावर ती ओरडली, "मेंढरं!"

सगळा रस्ता भरून मेंढरं चालली होती. वैशाली कडेने निसटली. मी घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक घसरलं, आणि मी सायकलीसकट गटारात.

पहिल्यांदा दिसली ती एक घोडी, पाठीवर बिऱ्हाड लादलेली. मग तिचा कासरा धरलेली साठीतली बाई; ती वाकून माझ्याकडे बघत होती.

"आगं बया! हाडबिड मोडलं का गं?"

"न्हाई मावशे," मी म्हणाले, "कातडं सोललं नुसतं."

बाईने मान तिरकी केली. "ही बोली तर आमच्याकडची हाय. कुणाची गं तू?"

वीस वर्षं गाव विचारलं की मी 'कराड' सांगत आले आहे. त्या गटारात बसून मात्र माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "आटपाडीकडची. आमचीबी मेंढरं हुती."

तिचं नाव तानाबाई. ती आणि तिचा नवरा चिपळूणकडे निघाले होते. कापणी झालेल्या भातखाचरांत शेतकरी मेंढरं बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यांचं खत होतं. रात्री वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) लावायची, सकाळी पुढचं शेत. माझे वडीलही दिवाळीनंतर असेच निघायचे आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या पायांनी परतायचे. मी वसतिगृहात होते. ते भेटायला यायचे तेव्हा त्यांच्या घोंगडीला मेंढरांचा वास यायचा, आणि मी त्यांना फाटकाबाहेरच गाठून परत पाठवायचे. पुढे त्यांनी मेंढरं विकून डाळिंब लावलं. या वाटेबद्दल मी त्यांना कधी काही विचारलं नाही.

माझा गुडघा धुवून झाल्यावर सायकलकडे वळलो. मागचं चाक वाकडं होऊन ब्रेकला घासत होतं. वैशालीकडे आरे आवळायची चावी होती, पण वाकडेपणा नेमका कुठे, ते कळत नव्हतं. तानाबाईचा नवरा पुढे आला. त्याने सायकल उलटी करायला लावली, आपली काठी चाकाच्या कडेला टेकवून स्थिर धरली आणि म्हणाला, "फिरवा." चाक फिरलं, एके ठिकाणी काठीला लागलं. "हितं. थोडं आवळा." पुन्हा फिरवलं. "आता हितं." पाऊण तास हे चाललं. मेंढरांनी तेवढ्यात कडेचं गवत साफ केलं, आणि आम्ही तानाबाईची बाजरीची भाकरी आणि लसणीची चटणी.

निघताना मी गेल्या वर्षीच्या टेंपोचं सांगून टाकलं. तानाबाई हसली नाही. "मुंडी वर करून बघितलीस आसशील, किती ऱ्हायलंय ते. बघू नगंस. फुडच्या चार पावलांपुरतं बघ."

दुसऱ्या दिवशी गुहागर. सुरूच्या झाडांतून सायकली ढकलत गेलो आणि एकदम तो समोर आला, उन्हात चकाकणारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वैशालीने बूटही काढले नाहीत, सरळ पाण्यात शिरली. खारं पाणी गुडघ्याला असं झोंबलं की मी किंचाळले, आणि तरी बाहेर येईना. एका घरगुती खानावळीत घावन आणि नारळाचा रस खाल्ला. वाढणाऱ्या काकूंनी सहाव्या घावनानंतर मोजणं सोडलं.

रात्री पुन्हा चिपळूणला मुक्काम. तिसऱ्या दिवशी घाट.

सर्वांत हलका गिअर टाकला आणि पुढच्या चाकापुढचं हातभर डांबर तेवढं बघायला लागले. मालट्रक धापा टाकत शेजारून जात होते. घाम नाकावरून थेंबाथेंबाने सायकलच्या नळीवर पडत होता. गेल्या वर्षीची जागा आली तशा पोटऱ्या आवळू लागल्या. मी थांबले, पाणी प्यायले, सायकलला टेकून उभी राहिले. एक टेंपो हळू झाला. "ताई, घेऊ का वर?"

"नको!" मी इतक्या जोरात म्हणाले की तो दचकून निघून गेला.

पुन्हा बसले. किती वेळ गेला ठाऊक नाही. डांबर सपाट वाटायला लागलं तेव्हा मान वर केली, तर समोर वैशाली दोन्ही हात उंचावून नाचत होती. "चढली! माजी मैतरीण चढली!" मी थांबले खरी, पण पायडलला अडकणारे बूट सोडवायचे विसरले आणि उभ्याउभ्या आडवी झाले. थांबलेल्या एसटीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पडल्यापडल्याच मी हसत सुटले, मग रडू आलं, आणि वैशाली माझ्याशेजारी रस्त्यावरच फतकल मारून बसली.

संध्याकाळी कराडला पोचून गावी वडिलांना फोन केला. आण्णांचा विश्वास बसेना.

"कुंभार्ली? मेंढरंबी कावायची तितं. तुला कुणी हाकलली?"

"कुणी न्हाई आण्णा. माजी मीच."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पाण्याचं वळण आलं का? तिथला झरा वाहतोय का? नकाशात न दिसणाऱ्या कितीतरी जागा त्यांना पाठ होत्या. तीन दिवस ज्या रस्त्यावर मी नवलाने बघत होते, तो माझ्याच घरातला होता. मीच कधी दार उघडलं नव्हतं.

आण्णांचे प्रश्न संपले. मग हळूच म्हणाले, "दर्या कसा आसतो गं? आमी चिपळुणाच्या फुडं कवा गेलोच न्हाई."

मी खुर्ची ओढली, सोललेला पाय स्टुलावर ठेवला आणि सुरूच्या झाडांपासून सांगायला लागले.